जिन्यावरची पावले

इंग्रजीत 'रोझमेरीज बेबी' नावाचा एक जुना सिनेमा आहे. १९६८ सालचा. आयरा लेव्हिन यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून रोमन पोलान्स्की या दिग्दर्शकाने तो काढला. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या, भल्यामोठ्या इमारतीत एक तरुण जोडपे राहायला येते. शेजारी म्हातारा-म्हातारी. फार प्रेमळ. म्हातारी दार वाजवून आत शिरते, घरभर नजर फिरवते, अमुक वस्तू केवढ्याला घेतली ते विचारते. बाई गरोदर आहे हे कळल्यावर रोज ग्लासभर काढा आणून स्वतःच्या देखत प्यायला लावते. नवरा हळूहळू त्या दोघांच्या कह्यात जातो, डॉक्टरही त्यांच्याच ओळखीचा निघतो, आणि बिचारीच्या ध्यानात येते की भिंतीपलीकडची सगळी माणसे एकमेकांना सामील आहेत. या म्हातारीच्या कामाबद्दल रूथ गॉर्डन या नटीला ऑस्कर मिळाले होते.

आमच्या मुलीने सुट्टीच्या दिवशी हा सिनेमा आम्हाला लावून दाखवला. मधे मधे थांबवून समजावून सांगितला. संपल्यावर म्हणाली, "घाबरलात ना?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. भुताखेताचा, सैतानाचा भाग सोडून द्या, तो आपण मानत नाही. पण दारात गोड हसून उभी राहिलेली बाई आणि तिचे ते एकेक प्रश्न! हे सगळे आम्हाला पाठ होते. हिंदीतही शहरातल्या फ्लॅटवरचे असे सिनेमे झाले. राम गोपाल वर्माचा 'भूत' २००३ सालचा. त्यातले जोडपे उंच इमारतीत राहायला जाते आणि पुढे सगळा घोळ होतो. त्या जोडप्याला कोणी "आडनाव काय?" म्हणून अडवल्याचे आम्हाला आठवत नाही. सिनेमातल्या माणसांना घर मिळते, मग भीती सुरू होते. आपल्या माणसाची भीती घर मिळण्याच्या आधीच सुरू होते.

अशी गोष्ट खरी घडलेली, आणि ज्याच्यावर घडली त्यानेच लिहून ठेवलेली, आपल्याकडे आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी लिहिल्या. त्यात बडोद्याची हकीगत येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ती भाषणात ऐकलेली असते, "पारशांनी बाबासाहेबांना हाकलले" एवढ्या एका वाक्यात. पण ती सावकाश, रात्री, घरातले सगळे झोपल्यावर वाचून पाहा. अंगावर काटा येतो.

साल १९१७. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेला तरुण गायकवाड सरकारच्या नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला येतो. राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. तिथल्या मित्रांच्या घरी जाऊन त्यांना अडचणीत टाकायचे नाही. म्हणून पारशांची एक धर्मशाळा गाठतो. तिथल्या रखवालदाराच्या लक्षात येते की याच्या अंगात सदरा-कस्ती नाही. पण धर्मशाळेत दुसरे गिऱ्हाईक नाही, दोन पैसे मिळतील, म्हणून तो तोड काढतो: वहीत पारशी नाव लिहायचे. जागा मिळते. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, बाकी सगळा मोठा दिवाणखाना मोडक्यातोडक्या सामानाने भरलेला. वीज नाही. संध्याकाळी रखवालदार एक कंदील वर आणून ठेवतो. बोलायला माणूस नाही. अंधारात वटवाघळे फडफडतात आणि पुस्तकात गुंतवलेले मन पुन्हा जागेवर येते: आपण परक्या जागी, परक्या नावाने राहतो आहोत.

आणि अकरावा दिवस. सकाळचे जेवण झालेले. कचेरीत जाण्यासाठी कपडे केलेले. ग्रंथालयाची पुस्तके परत करायची म्हणून ती उचलत असताना जिन्यावर पावले वाजतात. एकदोघांची नाहीत, पुष्कळ माणसांची. वाटते, कोणी प्रवासी उतरायला आले असतील. दारात पाहतो तर डझनभर धिप्पाड पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण? इथे का आलास? पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली? आठवडाभर राहू द्या, ही विनंतीही त्यांनी ऐकली नाही. संध्याकाळपर्यंत जागा खाली करायची. मग ओळखीच्या एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारणा. दोघांनीही वाट मोकळी करून घेतली, कोणाला नोकरांची अडचण, कोणाला बायकोची. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढला. या गोष्टीला अठरा वर्षे उलटून गेल्यावरही ती आठवली की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी नमूद केले आहे.

इतके शिकलेला माणूस. त्याची ही गत. आणि त्या काठ्यांपेक्षाही आम्हाला जास्त लागते ते हे की त्याआधीचे दहा दिवस रोज संध्याकाळी तो माणूस त्याच जिन्याने वर जात होता.

बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक १९६३ साली आले. त्यातल्या त्याच नावाच्या कथेतही परक्या गावी रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण, ओळखीच्याने दिलेला आसरा, आणि उघडकीस येण्याची टांगती तलवार आहे. ज्यांच्या घरी हे पुस्तक नाही त्यांनी वाचनालयातून आणून वाचावे. रहस्यकथा म्हणून बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचा फडशा पाडणारी आमची पिढी. पण खरी छाती धडधडली ती बागुलांनी.

आता आमचे. आम्ही कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या बाजूला दहा बाय बाराच्या खोलीत संसार मांडला. भोवती सगळी आपली वस्ती. भांडणे तिथेही होती, नळावर तर रोजचीच. पण भांडण तोंडावर व्हायचे आणि संध्याकाळी मिटायचे. कोणाच्या घरी मयत झाली तर कोणाच्या चुली पेटत नसत. मुले मोठी झाली, खोली पुरेना, तेव्हा डोंबिवली पूर्वेला भाड्याने फ्लॅट बघायला लागलो. डोंबिवली म्हणजे सुशिक्षितांचे गाव, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे गाव, असे ऐकून होतो. आडनाव आमचे जाधव. जाधव हे आडनाव मोठे गमतीचे. ते सगळ्यांत असते. त्यामुळे एजंट पहिल्या दमात ओळखत नाही. मग तो विचारतो, "गाव कुठलं?" गाव सांगितले की, "गावात कुठल्या आळीत?" तरी अंदाज येईना की, "नॉनव्हेज चालतं का तुमच्यात?" शेवटी, "कुलदैवत कुठलं हो तुमचं?" आम्ही म्हणायचो, "आम्ही बौद्ध." मग तो मोबाईल काढून जिन्यात जायचा आणि परत येऊन सांगायचा, मालकाचा भाचा राहायला येतोय. अशा पाच घरमालकांचे पाच भाचे त्या वर्षी डोंबिवलीत राहायला आले!

भाड्याचा नाद सोडला. थोडे दागिने, भविष्य निर्वाह निधीतली उचल आणि बँकेचे कर्ज मिळून २०१६ साली एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट विकत घेतला. लिफ्ट नाही. एका मजल्यावर चार दारे. इमारतीचे नाव सांगत नाही.

पहिल्याच संध्याकाळी समोरच्या काकू स्टीलच्या ताटलीत चार बेसनाचे लाडू घेऊन आल्या. आत आल्या, बसल्या. ओटा केवढ्याला केला, मुलगी कितवीत, सासूबाई कुठे असतात. गोड बोलणे. आमचे सामान अजून खोक्यांत होते, त्यामुळे भिंती मोकळ्या. दुसऱ्या दिवशी आम्ही बुद्धाची मूर्ती मांडली, बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये दारासमोरच लावला. संध्याकाळी काकू ताटली न्यायला आल्या. दारातूनच फोटो पाहिला. "राहू दे ताटली," म्हणाल्या, आणि गेल्या.

ती ताटली अजून आमच्याकडेच आहे.

त्यानंतर कोणी काही बोलले नाही. हे नीट समजून घ्या. शिवी नाही, टोमणा नाही, भांडण नाही. भांडण असते तर कोळसेवाडीतून आलेल्यांना ते जमले असते. जिन्यात समोरून कोणी आले की ते भिंतीला चिकटून उभे राहायचे, आम्ही जाईपर्यंत. नवरात्रात भोंडल्याला सगळ्या मुलींना हाका गेल्या, आमच्या दारावरून पुढे गेल्या. वैशाख पौर्णिमेला आम्ही मजल्यावरच्या तिन्ही घरी खीर दिली. तिन्ही घरांनी हसून घेतली. रात्री कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना शेजारच्या बादलीत ती दिसली, वरच्या बदामाच्या कापांसकट.

पावसाळा संपला आणि पाणी जायला लागले. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक घराला वेगळी लाईन, प्रत्येक लाईनला वेगळा कॉक. सकाळी सहाला नळ सोडला की नुसती हवा. खाली-वर, शेजारी सगळीकडे पाणी. प्लंबर बोलावला. तो गच्चीवर गेला आणि दोन मिनिटांत खाली आला. "काही बिघाड नाही. तुमचा कॉक बंद केलाय कोणीतरी." पन्नास रुपये घेऊन गेला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा. सेक्रेटरीला सांगितले तर म्हणाले, "मुलं खेळतात हो गच्चीवर." पहाटे पाचला कोणती मुले खेळतात?

आता खरोखरच रहस्यपट सुरू झाला. रात्री डोळा लागायचा नाही. साडेचार-पाचच्या सुमारास जिन्यावर पावले वाजायची. चपलेची नव्हेत, अनवाणी. आमच्या मजल्यावर येऊन पुढे वर जायची. कोण? वर चौथ्या मजल्यावर राहणारे असतील, दूध आणायला गेले असतील. आम्ही दाराच्या भोकाला डोळा लावून उभे राहायचो. जिन्यातला दिवा त्याच वेळी नेमका बंद असायचा. मुलगी बारा वर्षांची होती. ती एका रात्री उठून आमच्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, आपण परत कल्याणला जाऊ या का?" आमच्याच्याने उत्तर देववले नाही. जायचे म्हटले तरी कुठे? वीस वर्षांचे कर्ज होते.

धागा दिला तो तळमजल्यावरच्या आजींनी. एकट्या राहायच्या. त्या कधी आमच्या घरी आल्या नाहीत, आम्हाला कधी बोलावलेही नाही. एकदा भाजी घेऊन येताना जिन्याच्या तोंडाशी भेटल्या आणि इकडेतिकडे बघून एवढेच म्हणाल्या, "गच्चीला कुलूप असतं ना? किल्ली कुणाकुणाकडे असते ते विचार गं एकदा." आणि दार लावून घेतले.

किल्ल्या दोनच होत्या. एक सेक्रेटरीकडे. दुसरी समोरच्या काकांकडे, काकूंचे यजमान, निवृत्त गृहस्थ, कमिटीचे जुने सभासद. आम्ही कोणावर आरोप केला नाही. पुराव्याशिवाय आरोप करणे बरे नव्हे, आणि आरोप केला असता तर आम्हीच भांडखोर ठरलो असतो. ओळखीच्या एका वकील ताईंना विचारून सोसायटीला पत्र लिहिले. अमुक अमुक तारखांना आमच्या घराचा पाण्याचा कॉक बंद केला गेला. त्या वेळी गच्चीची किल्ली कोणाकडे होती त्याची नोंद कृपया लेखी द्यावी. किल्लीसाठी यापुढे वही ठेवावी. प्रत माहितीसाठी उपनिबंधक, सहकारी संस्था. खाली आम्ही दोघांच्या सह्या केल्या आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली, शिक्क्यासह. पोच घेताना सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "अहो जाधव, एवढं लिहायचं काय त्यात? बोलायचं ना," म्हणाले. तीन वेळा बोललो होतो.

त्या दिवसानंतर कॉक बंद झाला नाही. एकदाही नाही. वही मात्र आजतागायत ठेवलेली नाही, आणि आमच्या पत्राला उत्तरही आलेले नाही. पहाटेची पावले कोणाची होती हे आम्हाला ठाऊक आहे असे आम्हाला वाटते. पण सिनेमात शेवटी दिवा लागतो आणि तोंड दिसते, तसे काही झाले नाही.

पाण्याचीच जागा त्यांनी का निवडली असेल, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. महाडचा सत्याग्रह १९२७ सालचा. आपल्याला ही गोष्ट पोवाड्यांतून, व्याख्यानांतून तोंडपाठ असते. ज्यांनी तळ्याला हात लावू दिला नाही त्यांच्या नातवंडांनाही ती कुठेतरी आठवत असेल का? की हात आपोआप कॉककडेच जातो? आम्हाला दुसरे खरे वाटते.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्याच कल्याणात, पश्चिमेला योगीधाम भागातल्या एका मोठ्या संकुलात धुपाच्या धुरावरून शेजाऱ्यांचे भांडण झाले. बाहेरून माणसे बोलावून लोखंडी सळयांनी मारहाण केल्याची तक्रार झाली. मराठी लोक मांसमच्छी खातात, घाण असतात, अशा अर्थाचे बोलल्याचाही आरोप झाला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विषय गाजला. आरोपी सरकारी महामंडळात नोकरीला होता, त्याला निलंबित करण्यात आले. मारहाण वाईटच, त्यात दुमत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली, त्यावरही महाराष्ट्र पेटून उठला होता. या दोन्ही वेळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सभा भरायची. आपल्याच राज्यात आपल्याला घर नाही, आपल्या खाण्यावर बोलतात, म्हणजे काय! काका सर्वांत मोठ्याने बोलत होते. आम्ही भाजीची पिशवी घेऊन बाजूने जिना चढलो. त्यांचा राग खोटा नव्हता. "नॉनव्हेज चालतं का तुमच्यात?" हा प्रश्न आम्हाला मात्र आजवर बहुतेक वेळा मराठीतच विचारला गेला आहे.

वाचकांना उपयोगी पडेल म्हणून थोडे कायद्याचे सांगतो. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० सालचा. पात्र माणसाला योग्य कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारले तर उपनिबंधकाकडे दाद मागता येते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली वेगळा कायदा केला. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींच्या यादीत स्थान आहे, त्यामुळे तो आपल्यालाही लागू आहे. पण त्यातल्या जातीवाचक अपमानाच्या कलमाला 'लोकांच्या देखत' अशी अट आहे. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचा साक्षीदार नसताना केलेला अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. अपमान करणाऱ्याने हा निकाल वाचलेला नसतो, पण कुठे बोलावे आणि कुठे नुसते हसावे हे त्याला बरोबर कळते. आणि एक नवल ऐका. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या नियमात फक्त पारशांनाच सभासद करावे असे होते. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरला. बडोद्याच्या त्या जिन्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी करून २०१५ साली ती प्रसिद्ध केली. उच्चवर्णीय नावाच्या एकाही माणसाला नकार मिळाला नाही. दलितांपैकी शंभरात सुमारे अठरांना सरळ नकार, मुसलमानांपैकी एकतीसांना. आणखी कितीतरी जणांना होकार मिळाला, पण अटी घालून. मुसलमान शेजाऱ्याबद्दल आपल्या वस्तीतही कधी कधी जे बोलले जाते, ते बोलण्याआधी हा दुसरा आकडा पाहावा.

आमच्या इमारतीत आता दिवस बरे आहेत. चौथ्या मजल्यावर एक नवे कुटुंब आले आहे, त्यांची मुलगी आमच्याकडे येऊन जेवते. १४ एप्रिलला आम्ही गॅलरीत निळे दिवे लावतो, कोणी काही म्हणत नाही. तळमजल्याच्या आजी गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला आम्ही दोघे गेलो, काका-काकूही होते, आणि परत येताना रिक्षा मिळेना म्हणून चौघे एकाच रिक्षात बसून आलो. रिक्षावाल्याला चौथी सीट चालत नव्हती, काकांनी त्याच्याशी हुज्जत घातली. घरापर्यंत आमच्यात दुसरा शब्द निघाला नाही.

मुलगी शिकली. ठाण्याला नोकरी लागली आहे. लोकलची गर्दी, रात्रपाळी, म्हणून घोडबंदर रोडला मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायचे म्हणते. परवा एजंटचा फोन आला होता. आम्ही शेजारीच बसलो होतो, तिने स्पीकर लावला. नाव विचारले, तिने पूर्ण नाव सांगितले. गाव विचारले, सांगितले. मग तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, ओनर विचारतात म्हणून विचारतो, तुम्ही जाधव म्हणजे..." त्याचे वाक्य पुरे होऊ न देता ती म्हणाली, "बौद्ध. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावणार आहे, भिंतीला खिळा मारावा लागेल. ओनरना तेही विचारा." पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, शनिवारपर्यंत कळवतो.

आज शुक्रवार आहे. तिने फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आहे.